सत्तेचाळीस किलोचं चाक

सुशील भोयरची जीभ काळी आहे, असं वाडीत बरेच जण म्हणत. म्हणताना हसत, पण त्याच्या दुकानासमोर फार वेळ थांबत नसत.

त्याचा दोष एवढाच होता की त्याला टायर वाचता येत. चालणाऱ्याची चाल चपलेच्या झिजेत उतरते, तसंच गाडीचं. मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकीकडचीच कड गेली तर चाकाची मांडणी बिघडलेली. आणि रबरावर एकाच जागी चट्टा पडला असेल तर चालवणारा घाबरट, ब्रेकवर उभा राहणारा. हे तो गाडीवाल्याला तोंडावर सांगायचा. एका दूधवाल्याला म्हणाला, "या टायरनं कोंढाळी नाही गाठत तुमी." दूधवाल्यानं गाठली नाही. एका टेम्पोमालकाला म्हणाला, "तुमचा भाचा चालवते ना? त्याले आवरा, नाही तं एक दिवस वळणावर जाईन." तो आठव्या दिवशी गेला. त्यानंतर लोक गाडी लावायचे आणि आधीच हात वर करायचे. "बोलू नको गा सुशील. फक्त हवा भर."

मग तो बोलणं कमी करत गेला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, खांदे रुंद, डाव्या मनगटात रिंग उसळून लागल्याची जुनी गाठ. कोंढाळीकडच्या एका गावातून सतराव्या वर्षी तो वाडीत आला तो टायरमध्येच राहिला. शेती थोरला भाऊ करतो. अमरावती रोडच्या मागं, गोदामांच्या भिंतींना टेकून सुशीलचं दुकान आहे. मोठ्या ट्रकांची कामं पुढच्या दुकानांत होतात. त्याच्याकडे जीप, व्हॅन, छोट्या गाड्या येतात. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे तो शिकला, त्यानं त्याला एकच सवय लावली होती: चाक चढवायच्या आधी तोलायचं. कापसाच्या एका बंद गोदामातला वजनकाटा सुशीलनं त्यासाठीच आणून ठेवला. रिंगसकट चाक काट्यावर ठेवायचं आणि आकडा खडूनं टायरवर लिहायचा. गाडीवाले विचारायचे, कशाला? तो म्हणायचा, माहीत असलेलं बरं.

घरात त्याच्या बोलण्याला वेगळाच लगाम होता. बायको मिनल काटोलकडची. तिच्या माहेरी घरातून निघणाऱ्याला 'कुठं' म्हणून विचारत नसत, 'जातो' म्हणू देत नसत, आणि उंबऱ्यावर अभद्र शब्द काढणाऱ्याला दिवसभर कोणी बोलत नसे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सुशीलनं तिच्या भावाला निघताना सांगितलं होतं, मागचा टायर पाहून घे. भाऊ सुखरूप पोचला, तरी मिनल चार दिवस जेवली नाही नीट. तेव्हापासून ठरलेलं होतं. दुकानात काय बोलायचं ते बोला, पण दारातून माणूस निघाला की तोंड बंद.

त्यांची एकुलती एक मुलगी काजल. वीस पूर्ण, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला. ती चार वर्षांची असल्यापासून दुकानात यायची, आणि तिला पहिलं काम मिळालं ते ठोकळ्याचं. गाडी जॅकवर चढवायच्या आधी जमिनीवर राहणाऱ्या चाकामागं लाकडाचा तिरपा ठोकळा सरकवायचा, म्हणजे गाडी मागं येत नाही. सुशीलनं तिला शिकवलं होतं: ठोकळा सरळ लाव, टाचेनं एकदा ठोक, ओरडून सांग 'लागला', मग आणखी एकदा ठोक. पहिली ठोक बसवायला, दुसरी खात्रीची. इतर घरांत मुलींना संध्याकाळी दिवा लावायची सवय असते तशी काजलला ही सवय होती. रस्त्यात कुणाची गाडी चढावर बंद पडलेली दिसली तरी तिचे डोळे आधी दगड शोधायचे.

धरमपेठेतली गार्गी दोन वर्षांपूर्वी पंक्चर घेऊन आली. दातांची डॉक्टर, तिशीच्या आतली, स्वतःची लाल जीप स्वतः चालवणारी. रविवारी ती खदानींत, नाल्यांत, शेताच्या बांधांवर गाडी घालायची. अशा लोकांचा शहरात एक कंपूच होता, आणि त्यांच्या शर्यती व्हायच्या. त्या दिवशी सुशील जेवायला गेला होता. काजलनं एकटीनं चाक उतरवलं, पंक्चर काढलं, चाक चढवलं. गार्गी बघत राहिली. महिन्याभरात काजल तिच्या शेजारच्या सीटवर बसायला लागली. गाडी अडली की खाली उतरून वाट दाखवायची, दोर लावायचा, चाक कुठं टेकलंय ते सांगायचं. मागच्या वर्षी दोघींनी बायकांच्या गटात तिसरा नंबर काढला. दुकानातल्या पत्र्यावर काजलचा फोटो लागला. सुशील त्याच्याकडे रोज बघायचा.

या ऑक्टोबरात शर्यतीला नऊ दिवस राहिले असताना गार्गीचा थोरला भाऊ विहंग एका पिकअपमध्ये पाच नवे टायर घालून दुकानात आला. मागं जीप घेऊन गार्गी. टायर पाहिले आणि सुशील उठून उभा राहिला. कंबरेपर्यंत येत होते. खाचा बोटभर खोल, कडा कुऱ्हाडीसारख्या. रिंगा लोखंडी, जाड.

"काका, पस्तीस इंची," विहंग म्हणाला. "गाडीचा चेहराच बदलून जाईल."

"चेहरा ठीक आहे साहेब. आधी काट्यावर ठेवू."

दोघांनी मिळून चाक ठेवलं. काटा थरथरला, सावकाश थांबला. सुशीलनं खडू घेतला आणि लिहिलं, ४७. मग जीपचं जुनं चाक काढून ठेवलं. २६.

"एका चाकामागं एकवीस किलो. चारांचे चौऱ्याऐंशी."

"म्हणजे मागच्या सीटवर एक जाड माणूस बसला असं समजा," विहंग हसला. "एक माणूस जास्त झाला म्हणून गाडी मरत नाही."

"बसला नाही साहेब. फिरून राहिला."

"म्हणजे?"

सुशीलनं पंक्चर बघायची बादली उचलली, अर्धी भरलेली. "हे धरून उभे राहा. जमते ना? आता याले दोरी बांधून गरगर फिरवा. मग एकदम थांबवा. खांदा उखडते. इंजिनाले हे फिरवा लागते, ब्रेकले हे थांबवा लागते. अन् वजन सगळं कडेले आहे, मधात नाही. वरून चाक उंच झालं, म्हणजे इंजिनाचा जोर तितकाच कमी पडते. चढावर पहिला गिअर दुसऱ्यासारखा वागन. कंपनीनं ब्रेक दिला तो सव्वीस किलोसाठी."

"जग वापरतं हे टायर, काका. व्हिडिओ बघा तुम्ही. दगडावरून अशी चढते गाडी..." विहंगनं तळहात हवेत तिरपा केला.

"चढते. मोठं चाक दगडावर चढतेच. पण त्या लोकांनी आतले गिअर बदलले असतात, ब्रेक मोठे केले असतात, अॅक्सल जाड घातला असते. ते व्हिडिओत कोणी सांगत नाही. अन् आपली माती काळी. ती या खाचांमध्ये बसली का निघत नाही. सत्तेचाळीसचं पंचावन्न होईन. आमच्या बैलबंडीचं चाक पाहिलं का तुमी? उंच, पण पातळ. चिखल कापत खाली मुरमापर्यंत जाते. हे रुंद चाक चिखलावर बसून राहीन, म्हशीवाणी."

गार्गी म्हणाली, "सुशीलभाऊ, तुम्ही म्हणाल तसं करू."

हे त्याला नको होतं. नाही म्हणणं सोपं असतं तोवरच, जोवर समोरचा ऐकणार नाही याची खात्री असते.

"गिअरचं काम करून घेऊ ना," विहंग म्हणाला. "पार्ट मागवलेत. पुढच्या महिन्यात येतील. ही एक शर्यत अशीच काढायची."

काजल आतून पाना पुसत आली. तिनं टायरवरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत जे होतं ते सुशीलनं पाहिलं आणि मान खाली घातली.

"बाबा, लावून द्या ना."

"तुले मी आत्ता सांगितलं ते ऐकू नाही आलं का वं?"

"आलं. पण बाकीच्या सगळ्या गाड्यांले मोठे टायर आहे. आमचीच गाडी पोटावर अडकते दरवेळी. अन् तुमाले टायर पाहिला का हार घातलेला फोटोच दिसते."

विहंग मोठ्यानं हसला. गार्गी म्हणाली, "काजल!" पण तीही हसली. सुशीलही हसला. त्याला दुसरं काही करता आलं नाही.

त्यानं ते टायर लावले. पुढं अनेक दिवस तो स्वतःला विचारणार होता, का लावले. तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं: मी नाही लावले तर दुसरा कोणी लावेल, तेही वाईट लावेल. गाडी दोन इंच उचलावी लागली. मडगार्डच्या कडा कापाव्या लागल्या. पत्रा कापताना ठिणग्या उडत होत्या आणि काजल चष्मा लावून पत्रा धरून उभी होती. चारही चाकं चढली तेव्हा जीप अनोळखी दिसायला लागली, दुसऱ्याचे जोडे घातलेल्या माणसासारखी.

दुसऱ्या दिवशी सुशीलनं स्वतः ती अमरावती रोडवर नेली. शेजारी काजल. गाडी ओढत नव्हती. चौथ्या गिअरला इंजिन गुदमरायचं, तिसऱ्याला ओरडायचं. मोकळा पट्टा पाहून त्यानं साठला ब्रेक दाबला. जिथं थांबेल असं त्याच्या पायाला वाटत होतं, तिथून गाडी पुढंच गेली. आणखी पुढं. थांबली तेव्हा दोघंही काचेतून समोर बघत राहिले.

"किती होता काटा?" त्यानं विचारलं.

"साठ."

"साठ नव्हता. सत्तर होता. काट्याले जुनं चाकच माहीत आहे. तो आता खोटं बोलन."

काजलनं ते वहीत लिहून घेतलं. ती असंच सगळं लिहून घ्यायची. संध्याकाळी तिनं गार्गीला फोन करून वाचून दाखवलं: ब्रेक लवकर दाबायचा. चढावर अर्धा क्लच धरून राहायचं नाही, जळून जाईल. खालच्या गिअरमध्येच चढायचं. इंजिन बंद पडलं तर घाबरायचं नाही, गाडी गिअरमध्ये धरून राहील, ब्रेक मात्र दोन-तीनदा दाबला की दगडासारखा कडक होईल, गाडी धरणार नाही. सुशील जेवत ऐकत होता. सगळं बरोबर होतं. काहीतरी राहिलं होतं. ताटावर हात थांबला, पण ते काय ते त्याला सापडेना. मिनलनं पोळी वाढली आणि विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का?

रविवारी सकाळी जीप घरासमोर उभी राहिली. शनिवारी एक सर पडून गेली होती, गल्लीत डबकी होती. शेजारच्या बाया दारांत आल्या. विहंग पुढं निघून गेला होता. मिनलनं काजलच्या कपाळाला कुंकू लावलं, तळहातावर दही-साखर ठेवली. गार्गीच्याही ठेवली. गार्गीनं ती लहान मुलीसारखी चाटून घेतली.

"येतो म्हणा," मिनल म्हणाली.

"येतो, काकू."

सुशील सीटमागं दोर नीट बांधला आहे का ते बघायला वाकला. दोर होता, फावडं होतं, पाण्याचा कॅन होता. आणि कोपऱ्यात काजलचे दोन ठोकळे होते. बाभळीचे, वापरून गुळगुळीत झालेले, वीतभर लांब आणि चार बोटं उंच. जुन्या चाकांच्या मापाचे.

आठ दिवसांपासून जे सापडत नव्हतं ते तिथं पडलेलं होतं.

ठोकळा चाकाच्या उंचीला लागतो. ट्रकच्या चाकामागं मांडीएवढे ओंडके लावतात ते उगाच नाही. या चाकाला चार बोटांचा ठोकळा म्हणजे रस्त्यातला खडा. दगडावर चढणं हेच ज्या चाकाचं काम, ते ठोकळ्यावरही चढणार. आणि काजल गाडी बंद पडली की उतरणार. कोणी सांगायची गरज नाही, ती उतरणारच. उतरून चाकामागं वाकणार.

एक वाक्य होतं. 'काजल, आज ठोकळा लावायला उतरू नको, चाक वरून येईल.' ते त्याच्या दातांपर्यंत आलं. त्यानं मान वर केली. मिनल त्याच्याकडेच बघत होती. तिला काही कळलं नव्हतं, पण नवऱ्याचा हा चेहरा तिला ओळखीचा होता. तिनं अगदी हळू मान हलवली. नाही.

तोंडातून निघालेलं खरं ठरतं, असं सुशील स्वतः मानत नव्हता. दूधवाल्याचा टायर फुटणारच होता. पण पोटच्या पोरीच्या तोंडावर, कुंकू ओलं असताना 'चाक अंगावरून येईल' म्हणायचं? आणि आलंच तर? तर ते चाकानं झालं की जिभेनं, हे तो कोणाला पटवून देणार होता? ठोकळे गुपचूप काढून घ्यावेत, असंही त्याच्या मनात आलं. पण ठोकळे नसले तर ती दगड उचलेल.

"झालं का बाबा?" काजल पुढून ओरडली. "का टायरले नजर लावून राहिले?"

"झालं," सुशील म्हणाला.

गाडी निघाली. डबक्यातून जाताना मोठ्या चाकांनी पाणी दोन्हीकडे भिंतीएवढं उडवलं. बाया हसत मागं सरल्या.

दुकानात त्यानं एका व्हॅनची दोन चाकं काढली आणि डावं उजवीकडे लावलं. व्हॅनवाला म्हणाला, भाऊ, तब्येत बरी नाही का? सुशीलनं काजलला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. शर्यतीत फोन टेबलावर जमा करून घेतात हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं सात वेळा लावला. मग गार्गीला लावला, तोही बंद. विहंगचा नंबर त्याच्याकडे नव्हता. त्यानं व्हॅनवाल्याच्या हातात पाना दिला, "थांबा, येतो" म्हणाला आणि मोटारसायकल काढली. सोळा किलोमीटर. एक वाक्य पोचवायला सोळा किलोमीटर जायचं होतं, आणि सकाळी ते दोन हातांवर होतं.

शर्यतीची खदान जुनी, बंद पडलेली. मुरूम काढून काढून जमिनीला मोठा खड्डा पडलेला, कडांवर बाभळी, तळाशी हिरवं पाणी. भोंग्यावर गाणी लागली होती, एक माणूस मधूनमधून नंबर पुकारत होता. लोक दोरीमागं उभे होते, पोरं खांद्यांवर. सुशीलनं मोटारसायकल टाकली तशी पडली. ती उचलायला तो थांबला नाही.

लाल जीप उतारावर होती. तळातून वर यायचा चढ, घराच्या जिन्याइतका तिरपा. आधीच्या गाड्यांनी शेजारच्या शेतातली काळी माती ओढून त्यावर लिंपली होती. जीपच्या चाकांना खाचा उरल्याच नव्हत्या. चार गुळगुळीत काळे गोळे फिरत होते, आणि दर फेऱ्याला आणखी जाड होत होते. इंजिन रडत होतं. अर्ध्यावर येऊन गाडी थरथरली. खालून पांढरा धूर निघाला. क्लच. तो वास त्याला इतक्या लांबून आला.

इंजिन बंद पडलं.

भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "अरेरे, लाल जीप थांबली! बघू या मुली काय करतात!" गाडी गिअरमध्ये होती, जागच्या जागी धरून होती. डावीकडचं दार उघडलं.

"काजल!" सुशील ओरडला. "उतरू नको! काजल!"

विहंग दोरीजवळच होता. तो वळला. "काका? तुम्ही कसे..."

"त्यायले थांबवा! तो भोंगा बंद करा!"

"अहो, ती ठोकळा लावतेय. एकदम करेक्ट करतेय ती."

खरंच ती सगळं बरोबर करत होती. चिखलात पाय रोवत मागं गेली. वाकली. ठोकळा चाकामागं सरळ सरकवला, मधोमध, जसा लावायचा तसा. उभी राहिली. टाचेनं ठोकला. भोंग्याच्या गाण्यातूनही सुशीलला तिचा आवाज ऐकू आला, दुकानातला तोच उंच आवाज.

"लागला!"

आत गार्गीनं ते ऐकलं. दोन वर्षं त्या आवाजानं तिला एकदाही फसवलं नव्हतं. तिनं क्लच दाबला, गिअरची पकड सोडली आणि चावीला हात घातला.

आणि काजलनं दुसऱ्यांदा ठोकायला पाय उचलला होता.

सुशील दोरीखालून घुसून धावत होता. त्यानं पाहिलं ते अगदी सावकाश होतं. चाक मागं आलं, ठोकळ्याला टेकलं, क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं. मग चढलं. घाई न करता, पायरी चढावी तसं. आणि पलीकडे उतरलं.

जीप दहा-बारा फूट मागं जाऊन मातीच्या ढिगाला अडली. काजल बसलेली होती. पडली नव्हती, बसली होती, एखादी बाई शेतात निंदायला बसते तशी, आणि आपल्या डाव्या बुटाकडे बघत होती. बूट चिखलात पार सपाट झाला होता. सुशील तिच्यापाशी पोचला तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, ठोकळा सरकला का? मी सरळ लावला होता."

"सरळच लावला होता तू," तो म्हणाला, आणि तिला उचलली.

वाटेत ती शुद्धीवर होती. विहंग गाडी चालवत होता आणि सारखा म्हणत होता, "सॉरी, काका. सॉरी." गार्गी मागं काजलचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हनुवटीला दही वाळून लागलेलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. सुशील पाय धरून होता. एवढ्या वर्षांत त्यानं हजारो चाकं हातांत धरली असतील, पण आज हातांत काय आहे ते त्याला कळत नव्हतं. बूट कापायला डॉक्टरांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी नवरा-बायकोला दवाखान्याच्या व्हरांड्यात बोलावलं. तरुण डॉक्टर, हळू बोलणारे. पुढच्या भागातली हाडं चुरा झालीत, म्हणाले. रक्त नीट पोचत नाहीये. दोन दिवस वाट बघू. काळं पडायला लागलं तर बोटं आणि अर्धं पाऊल काढावं लागेल. न काढल्यास वर चढेल. तुम्ही तिच्या मनाची तयारी करून ठेवा.

डॉक्टर गेले. मिनल भिंतीला टेकली. तिचे डोळे कोरडे होते.

"तिले सांगू नका," ती म्हणाली.

"तयारी करा म्हणाले ते."

"मी सांगते ना. नका सांगू. अजून झालं नाही ते. तोंडातून काढलं तं होईन." मग तिचा आवाज फाटला. "तुमाले काल सकाळी काहीतरी दिसलं होतं ना हो? मी पाहिलं होतं तुमचं तोंड. बरं झालं बोलले नाही. बोलले असते तं मी जन्मभर म्हटलं असतं का तुमच्या बोलण्यानंच झालं."

सुशीलनं तिला सांगावं असं बरंच होतं. ती दमली होती. तिच्या हातात काजलची वही होती, कशासाठी आणली होती कोण जाणे.

"मी बोललो असतो तं ती उतरली नसती, मिनल," तो म्हणाला. एवढंच.

तो आत गेला. काजल जागी होती. पाय पांढऱ्या कापडाखाली उंच ठेवला होता, तंबूसारखा. तिचा चेहरा एका रात्रीत लहान झाला होता.

"डॉक्टर काय म्हणाले बाहेर?" तिनं विचारलं. "आईचा आवाज आला मले."

दारात मिनल येऊन उभी राहिली. तिनं तीच मान हलवली.

"मले रविवारी तुझे ठोकळे दिसले होते," सुशील म्हणाला. "गाडी निघायच्या आधी. ते या चाकाले पुरणार नाही, हे मले मालूम होतं. मी सांगितलं नाही."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली, सलाईनची बाटली हलली. काजलच्या नाकपुड्या थरथरल्या. ओरडेल असं त्याला वाटलं. तिनं ओरडावं, असंही वाटलं.

"काहून?" ती म्हणाली.

त्याच्याकडे त्याचं उत्तर होतं, पण ते उच्चारलं तर मिनलवर जाणार होतं, आणि ते तेवढं खरंही नव्हतं. "भ्यालो," तो म्हणाला.

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. सुशील उभाच राहिला. मिनल दारातून पुढं आली नाही, मागंही गेली नाही. बाहेर कुठंतरी स्ट्रेचरची चाकं फरशीवरून गेली.

मग काजलनं भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं, "अन् आता? पायाचं काय आहे? काही दाबून ठेवू नका, बाबा."

सुशीलनं स्टूल खाटेजवळ ओढलं, बसला, आणि डॉक्टरांचं पहिलं वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं. मग दुसरं.